लाइट गेली तरी वाजणारा डबा

हर्णै बंदराच्या रस्त्याला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फुटलेली स्क्रीन, सैल झालेला चार्जिंगचा पिन, होडीतून समुद्रात पडून वर काढलेला फोन, अशी रोजची कामं. गणपती झाले, चाकरमानी परतले, की पंधरा दिवसांत आणखी एक गिऱ्हाईक सुरू होतं. कुणी आजी पिशवीतून पांढरा गोल डबा काढते, काउंटरवर ठेवते आणि म्हणते, "ह्याचं तोंड बंद कर रे बाबा, रात्रीचा बोंबलतो." मुंबईच्या मुलाने हौसेने आणलेला, गोळीची वेळ झाली की वाजणारा डबा. मुलगा ठाण्याला पोचेपर्यंत डबा फडताळात गेलेला असतो.

आधी मी मुकाट्याने सेल काढून द्यायचो. मग माझ्याच घरात पाळी आली. आई शहात्तर वर्षांची. साखर, बीपी आणि थायरॉइड मिळून दिवसाच्या सात गोळ्या. तिच्यासाठी मी चार प्रकार करून पाहिले, त्यांतले दोन वाया गेले. जे टिकलं ते इथे लिहितो. मी डॉक्टर नाही. कुठली गोळी, किती आणि कधी, हे डॉक्टरांनी सांगायचं. ती वेळेवर तोंडात जावी म्हणून घरात काय मांडामांड करायची, एवढंच मला ठाऊक आहे.

आधी आठ दिवस नुसतं बघा

काहीही विकत घेण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठ दिवस टिपा ठेवा. कुठली गोळी घेतली, कुठली राहिली, दोनदा कुठली गेली. ओरडायचं नाही, नुसतं लिहायचं. ओरडलात की म्हातारी माणसं गोळी चुलीत टाकून "घेतली" म्हणतात, हे मी दोन घरांत पाहिलंय.

आमच्याकडे आठ दिवसांत निघालं ते असं. थायरॉइडची गोळी आई कधीच चुकवत नव्हती, पण तिच्यावर लगेच चहा पीत होती. ती अनशापोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा ते एक तास थांबायचं असतं. म्हणजे गोळी रोज जात होती आणि पुरती लागू पडत नव्हती. रात्रीची गोळी राहायची, कारण मालिका बघताबघता डोळा लागायचा. आणि दुपारची गोळी चक्क दोनदा जायची. जेवून भांडी घासून आली की, "मघाशी घेतली की नाही?" असं वाटायचं आणि खात्रीसाठी आणखी एक. म्हणजे तीन गोळ्यांची तीन दुखणी. वाजणारा डबा यांतल्या पहिल्याला काहीच उपयोगाचा नाही, दुसऱ्याला थोडा, तिसऱ्याला मात्र अगदी नेमका.

शेजारच्या काकांचं वेगळंच. ते पाण्याची, म्हणजे लघवी जास्त होण्याची गोळी मुद्दाम चुकवायचे, पण फक्त दापोलीला जायच्या दिवशी. यष्टीत बसल्यावर मध्ये उतरणार कुठे? ते काही विसरत नव्हते, त्यांचा तो हिशेब होता. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी बाजाराच्या दिवसासाठी वेळ बदलून दिली, काम झालं. त्यांच्या मुलाने तोवर साडेतीन हजारांचा डबा मागवला होता. आणखी एक बाई पैसे येईपर्यंत पुरवायच्या म्हणून गोळी अर्धी करून घेत होत्या. तिथे डबा करणार काय? त्यांना जनऔषधी केंद्राचा रस्ता दाखवला.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात लिहिलंय की दीर्घ आजारांची औषधं सांगितल्याप्रमाणे घेण्याचं प्रमाण विकसित देशांतसुद्धा सरासरी ५० टक्केच आहे.

एक कागद, एकच

आपल्या भागात दोन डॉक्टर असतातच. एक इथला, एक मुंबईचा. आईला बहिणीने विरारला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बीपीची गोळी लिहून दिली. इथे आल्यावर आमची जुनी गोळी चालूच होती. नावं वेगळी, रंग वेगळे, पाकिटं वेगळी. चार दिवसांनी आई सकाळी ओटीवरून उठताना खांबाला धरून खाली बसली. मेडिकलवाल्याने दोन्ही पाकिटं हातात घेतली, उलटी केली आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. दोन्हींत टेल्मिसार्टनच. दोन महिने आणखी लक्षात आलं नसतं तर काय झालं असतं कोण जाणे. चूक माझी. मी नाव वाचलं होतं, घटक वाचला नव्हता.

तेव्हापासून आमच्याकडे एक कागद आहे. त्यावर प्रत्येक गोळीचं दुकानातलं नाव, त्याखाली पाकिटावर बारीक छापलेलं औषधाचं खरं नाव, किती मिलिग्रॅम, कशासाठी, जेवणाआधी की नंतर, आणि शेवटच्या रकान्यात "चुकली तर काय?" हा शेवटचा रकाना डॉक्टरांना विचारूनच भरा. राहिलेल्या गोळीची भरपाई म्हणून पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत, एवढं सगळीकडे लागू. पण उशिरा घेऊ की सोडून देऊ, हे गोळीगणिक वेगळं असतं. चिठ्ठीवरचं १-०-१, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे घरात सगळ्यांना वाचता येत असेल असं धरून चालू नका. माझ्या मुलीने आधी ते फोनचा नंबर समजून विचारलं होतं.

आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असेल तर ती लाल पेनाने लिहा. सांधेदुखीसाठी देतात ती मेथोट्रेक्सेट आठवड्याला एकदाच असते आणि चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. अशी गोळी रोजच्या डब्यात ठेवायचीच नाही.

हा कागद म्हणजेच पुढच्या सगळ्या यंत्रांची जननी. डब्यात, फोनमध्ये, ॲपमध्ये जे भराल ते याच्यावरूनच. कागद चुकला तर यंत्र चुकीची गोळी अगदी वेळेवर देईल.

फोनचा गजर, पण नातीच्या आवाजात

सगळ्यात आधी हे करा, कारण याला दमडी लागत नाही. फोनमधल्या घड्याळाच्या गजराला इंटरनेट लागत नाही, वायफाय लागत नाही, रेंज लागत नाही. आमच्या वाडीत रेंज विहिरीजवळच्या आंब्याखाली मिळते, त्यामुळे मला याचं महत्त्व जास्त.

नुसती ट्रिंगट्रिंग वाजली तर आई म्हणायची, "बघ रे, कुणाचा फोन." गोळीचा गजर आणि फोनची घंटा तिला सारखीच. मग मी मुलीला बसवलं आणि फोनच्या रेकॉर्डरवर तिचा आवाज घेतला: "आजी, रात्रीची गोळी. चंद्राच्या खणातली. पाणी घेऊन बस." तीनदा तेच, मध्ये चार सेकंद थांबून. बहुतेक अँड्रॉइड फोनांत गजर लावताना खाली गजराचा आवाज निवडायची जागा असते, तिथे जाऊन ही फाइल निवडायची. प्रत्येक वेळेचं वेगळं रेकॉर्डिंग. आई आता फोनला उत्तर देते, "हो गं बाय, घेते." शेजारी हसतात. हसूदे.

दुकानात बसून ज्या चुका पाहतो त्या सांगतो. गजराचा आवाज आणि रिंगचा आवाज फोनमध्ये वेगवेगळे असतात; रिंग फुल्ल असून गजर शून्यावर, असे फोन माझ्याकडे दर महिन्याला येतात. दुसरं, जागा भरली म्हणून नातवंडं फोन साफ करतात आणि त्यात ती आवाजाची फाइल उडते. मग गजर मूळ घंटेवर जातो, आणि आजी पुन्हा "कुणाचा फोन" म्हणते. तिसरं, फोन रात्री बंद करून ठेवायची सवय. बंद फोनच्या गजरावर विसंबू नका.

गोळ्यांची आठवण देणारी खास ॲप आहेत. मेडिसेफ हे त्यांतलं जुनं, २०१२ चं. इस्रायलमधल्या दोन भावांच्या मधुमेही वडिलांनी इन्सुलिन घेतल्याचं विसरून पुन्हा टोचून घेतलं, त्यातून ते निघालं. माझ्या आईची दुपारची गोळीच जणू. अशा ॲपचा फायदा म्हणजे "घेतली" असं दाबलं नाही तर दुसऱ्या माणसाला निरोप जातो. पण फोन त्यांना झोपवतो. बॅटरी वाचवायची म्हणून बरेच फोन मागे चालणारी ॲप आपणहून बंद करतात, आणि दोन दिवसांनी आठवण यायची थांबते. सेटिंगमध्ये ॲपच्या नावावर जा, बॅटरी उघडा आणि तिथे "अनरिस्ट्रिक्टेड" करा. आणि ॲप तुमचे सगळे कॉन्टॅक्ट मागायला लागलं तर नाही म्हणा. गोळीला भावकीचे नंबर कशाला?

साधा बटणांचा फोन असेल तरी गजर असतोच. त्याला कमी लेखू नका, त्याची बॅटरी चार दिवस टिकते.

डबा

डब्याचे दोन प्रकार. एक साधा प्लॅस्टिकचा, सात वार आणि दिवसाचे चार खण, मिळून अठ्ठावीस. दुसरा गोल, आत फिरती चकती, वेळ झाली की चकती एक घर पुढे सरकते, दिवा लुकलुकतो, गजर होतो. डबा उपडा केला की गोळ्या हातात पडतात आणि गजर थांबतो. त्याला कुलूप असतं, म्हणजे बाकीच्या घरांतल्या गोळ्या काढता येत नाहीत.

आईच्या "मघाशी घेतली का?" वर साध्या डब्यानेच उपाय झाला. खण रिकामा म्हणजे घेतली. इतकं सोपं. कुलपाचा फिरता डबा स्मरणशक्ती खरोखर कमी होत चाललेल्या माणसासाठी. ज्यांचं डोकं शाबूत आहे त्यांना कुलूप लावलंत तर ते त्यांच्या जिवाला लागतं. एका गृहस्थांनी वडिलांच्या गोळ्यांच्या टेबलासमोर चक्क कॅमेरा बसवला होता, मुंबईहून बघायला. वडिलांनी त्यावर पंचा वाळत घातला. तो अजून तिथेच आहे.

विकतच्या डब्यांवर वार आणि वेळा इंग्रजीत असतात. मी त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने सोम, मंगळ लिहिलं आणि वेळांसाठी चित्रं काढली: तांब्या म्हणजे उठल्याउठल्या, सूर्य म्हणजे सकाळ, ताट म्हणजे दुपार, चंद्र म्हणजे रात्र. तांब्याचा खण बाकीच्या डब्यापासून वेगळा, आईच्या उशाशी. गोळी घेऊन ती तुळशीला पाणी घालते, अंगण झाडते, देवपूजा करते आणि मग चहा. गजर इथे गोळीचा नाहीच, चहाचा लावलाय, पाऊण तासाने. तो वाजेपर्यंत चूल पेटवायची नाही.

फिरता डबा घ्यायचाच असेल तर सेलवर चालणारा घ्या, नुसत्या ॲडॉप्टरवरचा नको. दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: वायफाय आणि ॲप नसेल तर हा वाजतो का? वेळ डब्यावरच्या बटणांनी लावता येते का? दोन्हीला "हो" असेल तरच पैसे द्या. माझा वाया गेलेला पहिला प्रकार तो हाच. वायफायचा सुंदर डबा होता, दीड वर्षाने त्याचं ॲप एक दिवस उघडेनाच. कंपनी फोन उचलेना. डबा शाबूत, मोटर शाबूत, पण वेळ लावायची सोयच ॲपमध्ये. मोठ्यांचंही असंच होतं. अमेरिकेत २०१७ साली गोळीतच बारीक सेन्सर घातलेलं पहिलं औषध मंजूर झालं. गोळी पोटात गेली की अंगावरच्या पट्टीला खूण जायची. तो सेन्सर बनवणारी प्रोटिअस डिजिटल हेल्थ २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. पोटात शिरणाऱ्या यंत्राची ही कथा, मग माझ्या डब्याचं काय घेऊन बसलात.

आता आपल्या हवेचं. जूनपासून घरात पापड मऊ पडतो, मीठ पाझरतं, तिथे पाकिटातून काढलेली गोळी कशी राहील? उन्हाळ्यात मी आठवड्याच्या भरतो, पावसात तीन-चार दिवसांच्याच, रविवारी आणि गुरुवारी. ओलावा शोषणारी पुडी डब्याच्या खणात घालू नका. अंधारात ती गोळीबरोबर तोंडात जाईल. सगळा डबा झाकणाच्या बरणीत ठेवा आणि पुडी बरणीच्या तळाला. काही गोळ्या पाकिटातून काढायच्याच नसतात: फिटची सोडियम व्हॅलप्रोएट ओल धरते, रक्त पातळ करणारी डॅबिगाट्रान तिच्या मूळ वेष्टनातच ठेवावी लागते. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळीही डब्यात भरायची नाही, ती तिच्या पाकिटासकट किंवा बाटलीसकट हाताशी. मेडिकलवाल्याला प्रत्येक गोळीबद्दल हा एकच प्रश्न विचारून घ्या.

कात्रीने पाकीट कापून एकेक गोळी प्लॅस्टिकसकट खणात टाकायची युक्ती बरेच जण करतात. डोळ्यांनी कमी दिसणारं माणूस ती तशीच गिळू शकतं, आणि तिचे कोपरे ब्लेडसारखे असतात. ज्याला नीट दिसतं त्याच्यासाठी ठीक. आणि तारीख छापलेलं टोक शेवटपर्यंत राखून ठेवा.

खारा वारा डब्याचे सेलही खातो. स्प्रिंगवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरली की गजर अर्ध्या आवाजात येतो आणि एक दिवस बंद पडतो. दोन महिन्यांतून एकदा सेल काढून टोकं कोरड्या जाड फडक्याने घासा. समुद्राकडच्या खिडकीत डबा ठेवू नका. देव्हाऱ्याजवळही नको, तिथे समई असते. नातवंडांच्या हाताला तर मुळीच नको. साखरेची एकच गोळी लहान मुलाला घातक ठरू शकते आणि चपटा बटण सेल गिळला तर अन्ननलिका भाजते.

निरोप माणसाला गेला पाहिजे

तीन वर्षांत मला कळलेली गोष्ट ही की गजर ऐकून उठणारं माणूस घरात असेल तोवर कुठलंही यंत्र चालतं. प्रश्न आहे तो गजर वाजून थांबल्यानंतरचा. न घेतलेली गोळी कुणाला कळते? हर्णैपासून विरारपर्यंत ही बातमी जायची कशी?

वायफायच्या डब्याने जाते, पण आपली घरं चिऱ्याची. जांभ्याची जाड भिंत, एक ओलांडली की वायफाय निम्मं, दुसऱ्या भिंतीला संपलं. राउटर पडवीत आणि डबा माजघरात असं असेल तर डबा "ऑफलाइन" दाखवणारच, त्यात डब्याचा दोष नाही. आणखी एक: असले बहुतेक डबे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच चालतात. फोन ५ वर जोडलेला असतो म्हणून डबा जोडला जात नाही, आणि लोक तो बिघडला म्हणून माझ्याकडे आणतात. राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या, डबा २.४ ला जोडा. पावसाळ्याच्या तोंडाला विजा कडाडायला लागल्या की राउटर आणि ॲडॉप्टर भिंतीतून काढा. एका रात्रीत माझ्याकडे सहा जळके ॲडॉप्टर आलेत.

आम्ही काय करतो सांगू? रात्रीची गोळी घेतली की आई विरारला मिस्ड कॉल देते. साडेनऊपर्यंत आला नाही तर बहीण फोन करते. आईचा लागला नाही तर माझा, माझा लागला नाही तर शेजारच्या वहिनींचा, आणि वहिनी कुंपणावरून हाक मारतात. फुकट. गावच्या आशाताईंनी, म्हणजे सरकारी आरोग्य कार्यकर्तीने, हे ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, टीबीच्या गोळ्यांना असंच तर होतं. खरंच आहे. क्षयरोगाच्या सरकारी कार्यक्रमात ९९डॉट्स म्हणून पद्धत वापरली गेली: गोळी पाकिटातून बाहेर काढली की तिच्या मागे दडलेला फोन नंबर दिसतो, रुग्णाने त्यावर फुकटचा फोन लावायचा, की नोंद होते. नंबर आधी कळत नाही, म्हणून गोळी काढल्याशिवाय फोन करता येत नाही. साधा फोन पुरतो. आपल्याकडच्या माणसाचा विचार केला की असं काहीतरी निघतं.

मनगटी घड्याळाबद्दल थोडक्यात: आईने दोन दिवसांत काढून ठेवलं. भांडी, विहीर, शेण, रोजचं चार्जिंग. माझा वाया गेलेला दुसरा प्रकार.

मोजायची यंत्रं

गोळी लागू पडते की नाही हे बीपी आणि साखर मोजल्यावरच कळतं. बीपीचं यंत्र दंडाचं घ्या, मनगटाचं नको. ब्लूटूथ असेल तर आकडे आपोआप फोनमध्ये जातात आणि डॉक्टरांना दाखवता येतात; नसेल तर वही आहे. पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात हृदयाच्या उंचीवर, अर्धा तास आधी चहा नाही, एका मिनिटाने दुसऱ्यांदा मोजायचं. आई मोजताना बोलते. तिला गप्प बसवणं हे माझ्या मते सगळ्यात अवघड काम.

साखरेच्या यंत्राची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. मे महिना, आंब्याची अढी उघडलेली. दुपारी आईची साखर ३४०. माझ्या पोटात गोळा. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी एवढंच विचारलं, "आंबे कापत होत्या का?" साबणाने हात धुवून, पुसून पुन्हा टोचलं तर १६८. बोटाला लागलेला आमरस यंत्राने रक्तातला म्हणून मोजला होता. तेव्हापासून यंत्राच्या पेटीवर मी लिहून ठेवलंय: आधी हात धू. सॅनिटायझर पुरत नाही, पाणी आणि साबणच. पट्ट्यांची डबी उघडली की लगेच बंद करा, दमट हवेत पट्ट्या खराब होतात, आणि उघडल्याची तारीख डबीवर लिहा.

दंडाला चिकटवायचा साखरेचा सेन्सरही मिळतो. काही चौदा दिवस टिकतात, फोन जवळ नेला की आकडा दाखवतात. आकडा रक्ताच्या थोडा मागे चालतो, हे लक्षात ठेवा. आणि आपल्या घामात त्याचा गोंद सुटतो.

वादळ आणि इन्सुलिन

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं आणि दापोली-मंडणगड झोडपून गेलं. आमच्याकडे वीज यायला तीन आठवडे लागले, टॉवर तर आधीच आडवे. त्या दिवसांत शेजारच्या काकूंचं इन्सुलिन फ्रिजमध्ये. फ्रिज बंद. कुणीतरी सांगितलं, मडक्यात ठेवा. ओल्या वाळूतलं मडकं देशावर मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत छान गार राहतं, कारण पाणी वाफ होऊन उडतं. आपल्याकडे जूनच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, मग गारवा येणार कुठून? पाण्यात भिजवून वापरायच्या खास पिशव्यांचंही तेच तत्त्व, तेव्हा पावसात त्यांच्यावर भिस्त नको.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरात असलेलं पेन किंवा बाटली बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालते. तुमच्या प्रकाराचा आकडा आतल्या कागदावर वाचा. म्हणजे वीज गेली की घाबरून ते बर्फात खुपसू नका. गोठलेलं इन्सुलिन कायमचं वाया. बर्फाची पिशवी आणि इन्सुलिन यांच्यामध्ये टॉवेलची घडी, आणि दोन्ही थर्मासच्या डब्यात, असं जमतं. फ्रिजमध्ये कमाल-किमान तापमान धरून ठेवणारा छोटा थर्मामीटर ठेवा. लाइट रात्री किती वेळ गेली होती यावर सकाळी घरात वाद होत नाहीत. काही इन्सुलिन पेनं शेवटचा डोस किती आणि किती तासांपूर्वी घेतला ते दाखवतात. एकट्या राहणाऱ्या माणसासाठी ते पैसे सार्थकी लागतात.

मेअखेर एक पिशवी भरून ठेवा: पंधरा दिवसांच्या गोळ्या, त्या कागदाची झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये घालून, डब्याचे जादा सेल, पॉवर बँक, साखर.

गणपतीत गजर ऐकू नका

हे उलटं वाटेल, पण गौरीच्या दिवशी मी धडा शिकलोय. आईची एक साखरेची गोळी दुपारच्या जेवणाआधीची, गजर एकचा. गजर वाजला, तिने निमूटपणे घेतली. नैवेद्य तीनला. सव्वादोनला तिला दरदरून घाम, हात थरथरायला लागले. मोजली तर ५८. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी ८४. बायकोने त्या दिवशी गौरीच्या आधी आईला वाढलं, आणि घरातलं कुणी काही बोललं नाही.

आता जेवणाआधीच्या गोळीला आमच्याकडे घड्याळाचा गजर नाही. ती वेगळ्या डबीत असते आणि ताटात भात पडला की डबी ताटाशेजारी येते. एकादशी, श्रावणी सोमवार, पालखीची रात्र, यांचं आधीच डॉक्टरांना विचारून त्या कागदाच्या मागे लिहून ठेवलंय. बीपीच्या आणि रात्रीच्या गोळ्यांचे गजर मात्र आरती चालू असली तरी वाजतात. टाळ-झांजांत ऐकू येत नाहीत, म्हणून ते काम मुलीकडे.

यंदा आईवडिलांसाठी डबा घेऊन येणार असाल तर आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात घेऊन या, आईला किंवा वडिलांना सोबत घेऊन. गोळ्यांचा कागद आणा. वायफाय बंद करून, अंधार करून, त्यांच्याच हाताने चार वेळा उघडून घेऊ, नातवंडांचा आवाज भरू. तासभर लागतो. परतीची गाडी सुटायच्या आधी घाईघाईने आणलात तर मी सेलच काढून देईन.